डबा हवेत ठेवण्याविषयी

आदरणीय ज्येष्ठ मेहुणे यांस, गुडघ्याने परवानगी दिली तेथपर्यंत वाकून नमस्कार.

आपला रक्तदाब डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेत राहत असावा, वहिनींच्या कंबरदुखीस उतार पडला असावा आणि आपणांस झोप वेळेवर लागत असावी, अशी आशा करतो. हे मी केवळ औपचारिकता म्हणून विचारीत नाही. उत्तर सविस्तर यावे. मागील पत्रात आपण ‘सर्व ठीक’ असे दोनच शब्द लिहिले होते. ‘ठीक’ या शब्दातून लिहिणाऱ्याची प्रकृती कळत नाही, आळस तेवढा कळतो. इकडे मी, आपली भगिनी आणि आपली भाची असे तिघे सुखरूप आहोत. बैठकीच्या खोलीविषयी तसे लिहिण्यास लेखणी धजत नाही.

आपल्या कचेरीतील नोंदणी विभागात भाचीसाठी जागा राखून ठेवल्याचे आपले पत्र येऊन आज बारा दिवस झाले. तिने एक तारखेस रुजू व्हावयाचे किंवा नाही, एवढेच कळवावयाचे होते. ज्या माणसाने एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासली आणि एकही गठ्ठा दुसऱ्या दिवसावर ढकलला नाही, त्याने एका होकारासाठी किंवा नकारासाठी बारा दिवस लावावेत, ही लाजेची गोष्ट आहे. तथापि त्यास कारण आहे. या बारा दिवसांत आमच्या घरी एक डबा हवेत ठेवण्याचे काम चालू होते.

आपणांस ठाऊकच आहे की विमा कंपनीतील चांगली नोकरी सोडून भाचीने वस्तूंची छायाचित्रे काढण्याचा व्यवसाय आरंभिला आणि त्यासाठी आमची बैठकीची खोली घेतली. (‘घेतली’ हे क्रियापद मी विचारपूर्वक योजले आहे. ‘मागितली’ असे लिहिले असते तर ते खोटे झाले असते.) खोलीस उत्तरेचा उजेड आहे, आणि उत्तरेचा उजेड म्हणे वस्तूंना मानवतो. मला तो तीस वर्षे मानवत होता, परंतु मी वस्तू नसल्यामुळे माझी आरामखुर्ची बोळात, चपलांचे कपाट आणि फ्रीज यांच्यामध्ये गेली. तेथे बसून मी वाचन करतो. फ्रीज सुरू झाला की परिच्छेद संपवून थांबतो, बंद झाला की पुढे जातो. पहिल्या काही महिन्यांत भाचीने खालच्या शिंप्याच्या बटणांची आणि चौकातील चष्मेवाल्याच्या फ्रेमांची छायाचित्रे काढली. दोघेही समाधानी होते, परंतु बटणे आणि चष्मे यांवर कोणाचा संसार चालत नाही.

अशात जेवणाचे डबे बनविणारा एक कारखानदार आला. गृहस्थ आखूड मानेचा, घाईचा आणि प्रत्येक वाक्य दोनदा बोलणारा. (दुसऱ्या वेळी तो नवीन काही सांगेल या आशेने मी पहिले दोन दिवस लक्षपूर्वक ऐकत असे.) त्यास आपल्या चार कप्प्यांच्या स्टीलच्या डब्याचे छायाचित्र माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठासाठी हवे होते आणि त्यात डबा हवेत उघडलेला हवा होता: तळाशी कडी, तिच्यावर अंतराअंतराने चारही कप्पे, त्यांवर झाकण आणि सर्वांत वर चमचा, जणू एखाद्या अदृश्य हाताने सगळे एकदम वर उचलले आहे. मुखपृष्ठ पसंत पडले तर पुस्तिकेतील उरलेल्या चौसष्ट वस्तूंचे काम, म्हणजे वर्षभराचे काम, भाचीस मिळणार होते. न पडले तर एक तारीख होतीच आणि आपला नोंदणी विभागही होताच. हे तिने स्वतःच आम्हांस जेवताना सांगितले, आणि सांगताना पानातील भात तिने चमच्याने चारही बाजूंनी सरळ करून ठेवला, यावरून मला तिच्या मनाची कल्पना आली.

मी प्रथमच आक्षेप घेतला की डबा ‘हवेत तरंगणारा’ दिसावा ही मागणी मुळातच सदोष आहे. तरंगणे हे पाण्याचे काम आहे. हवेत वस्तू एक तर उडते किंवा पडते. डब्यास पंख नसल्यामुळे त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो. यावर भाची म्हणाली की बाबा, तुम्ही शिडी धरा.

व्यवस्था अशी होती. शिडी आणि कपाट यांवर पडद्याची दांडी आडवी ठेवावयाची, तिला पारदर्शक दोरे बांधावयाचे, दोऱ्यांची खालची टोके एका पिस्तुलातून निघणाऱ्या गरम डिंकाने कप्प्यांना चिकटवावयाची आणि छायाचित्र काढल्यानंतर दोरे कॉम्प्युटरवर पुसून टाकावयाचे. दोरा वरच्या मजल्यावरील दंतवैद्यांनी दिला. त्यांना मासे पकडण्याचा छंद आहे. जो दोरा माशाला दिसत नाही तो गिऱ्हाइकासही दिसणार नाही, असे त्यांचे म्हणणे. (त्यांनी आजवर किती मासे पकडले हे विचारले असता त्यांनी विषय बदलला, तेव्हा माशाला तो दोरा दिसत असावा असे मला वाटते.)

पहिली अडचण स्टीलने आणली. लाकडाची, कापडाची किंवा मातीची वस्तू समोरच्या माणसाकडे दुर्लक्ष करते. स्टील करीत नाही. पहिले छायाचित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठे करून भाचीने बराच वेळ पाहिले आणि मग ती शांतपणे म्हणाली, “बाबा, तुम्ही चारही कप्प्यांत आहात.” मी चष्मा पुसून पाहिले. होतो. चारही कप्प्यांत मी गंजीफ्रॉकवर, शिडी धरून, उतरत्या क्रमाने उभा होतो आणि कप्प्यांच्या गोलाईमुळे माझे पोट प्रत्येक ठिकाणी माझ्या आधी येत होते. झाकणात तर मी उलटा होतो. आपल्या भगिनीने ते पाहून तोंडास पदर लावला आणि ती तशीच स्वयंपाकघरात गेली. तेथून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

यावर उपाय म्हणून डब्याभोवती पांढऱ्या चादरींची खोली उभारली गेली. शिडी धरणाराही पांढराच हवा म्हणून मलाही एक चादर पांघरावी लागली आणि दिसावे म्हणून तिला डोळ्यांच्या ठिकाणी दोन छिद्रे पाडावी लागली. (चादर आपल्या मातोश्रींनी लग्नात दिलेली होती हे मला छिद्रे पाडून झाल्यावर कळले. छिद्रे सारख्या आकाराची आणि एका रेषेत आहेत, एवढे मी भगिनीच्या निदर्शनास आणून दिले. तिने ते विचारात घेतले नाही.) त्याच वेषात मी वीजमीटर वाचणाऱ्या गृहस्थास दार उघडले. त्यांनी मीटरकडे न पाहताच आकडा लिहिला आणि जिन्याच्या चार-चार पायऱ्या सोडीत ते निघून गेले. मी त्यांना वरून ओरडून सांगितले की नोंद प्रत्यक्ष पाहून करावी. ते थांबले नाहीत.

आता मी त्या प्रसंगाकडे येतो, ज्याविषयी घरात सर्वांची मते एक आहेत आणि माझे वेगळे होते. गुरुवारी सकाळी भाचीने चारही कप्पे, झाकण, चमचा आणि कडी टांगून पुरी केली. दुपारी चार वाजता कारखानदार स्वतः येऊन रचना पाहणार होता. भाची कॅमेऱ्याची बॅटरी आणावयास गेली आणि जाताना मला म्हणाली, बाबा, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवले. लक्ष ठेवता ठेवता माझ्या लक्षात आले की एकही कप्पा सरळ नाही. पहिला डावीकडे कललेला, दुसरा उजवीकडे, तिसरा पुढे झुकलेला, झाकण तर पार तिरपे. अंतरेही विषम. त्यात प्रत्येक दोऱ्याच्या टोकाशी गरम डिंकाचा ओबडधोबड गोळा. आपणांस माझा स्वभाव माहीत आहे. लग्नाच्या दिवशी आपल्या मांडवातील पाटी मी खुर्चीवर चढून सरळ केली होती.

मी गवंड्याची पट्टी आणली. तीच, जिच्यातील बुडबुडा मध्यभागी आला की भिंत समतल आहे असे समजतात. एकेक कप्पा मी समतल केला. अंतरे मोजून प्रत्येकी नऊ सेंटिमीटर केली. चमचा आडवा, झाकण सपाट, कडी काटकोनात. डिंकाचे गोळे पेन्सिल तासण्याच्या चाकूने खरवडून काढले आणि त्या जागी माझ्या बाटलीतील डिंकाचा एकेक नेटका थेंब लावला. हाच तो डिंक, ज्याने मी एकतीस वर्षे मुद्रितांवर दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटविल्या आणि ज्याची एकही चिठ्ठी कधी गळून पडली नाही. (चिठ्ठीचे वजन आणि स्टीलच्या कप्प्याचे वजन यांत अंतर असते, हे मी त्या क्षणी जमेस धरले नाही. हे मी मान्य करतो.) दोन तास लागले. शेवटी मागे सरून पाहिले तेव्हा डोळ्यांचे पारणे फिटले.

चार वाजता भाची आणि कारखानदार एकदमच जिना चढून आले. कारखानदाराने चादर बाजूस सारली, मान होती तेवढी वाकडी केली आणि विचारले, “फळी कुठंय? फळी कुठंय?” मी म्हणालो, कसली फळी? तेव्हा तो म्हणाला की डबे छान मांडलेत, पण हे दुकानातल्या कपाटासारखं दिसतंय, फक्त कपाट चोरीला गेलंय. मला हे वाक्य तेव्हा मुळीच आवडले नाही. आता विचार करता ते अचूक वाटते. भाचीने माझ्याकडे पाहिले. ती ओरडली असती तर बरे झाले असते. “हे तिरके टांगायला मला तीन दिवस लागले, बाबा,” एवढेच ती बोलली, आणि कॅमेऱ्यापाशी गेली.

कारखानदार घड्याळ पाहू लागला. भाचीने उजेडाच्या तपासणीसाठी कॅमेरा सेकंदासेकंदाला आपोआप टिपत राहील असा लावला आणि ती पहिला कप्पा पुन्हा तिरका करावयास शिडीवर चढली; मी माझी छिद्रांची चादर पांघरून खाली उभा राहिलो. तिने कप्प्यास बोट लावले. बोटच लावले. प्रथम झाकण निसटले, मग चमचा, मग वरचा कप्पा, आणि मग उरलेल्यांनी एकमेकांची वाट पाहिली नाही. मी चादरीसह पुढे झेप घेतली. (झेप हा शब्द माझ्या वयास शोभत नाही, परंतु घडले ते तसेच घडले.) माझ्या हाती एकही कप्पा लागला नाही; माझ्या डोक्यास दोन लागले. आवाज एवढा झाला की वरून दंतवैद्य, हातात आरसा घेऊन, रुग्णास तसाच खुर्चीत सोडून खाली आले.

सगळे शांत झाल्यावर कॅमेऱ्याने मधल्या काळात काय टिपले ते पडद्यावर पाहिले. मेहुणे, मी खोटे सांगत नाही: एक छायाचित्र विलक्षण होते. चारही कप्पे, झाकण, चमचा सगळे खरोखरच हवेत. दोरे सैल होऊन मागे पडलेले. प्रत्येक कप्पा आपापल्या मर्जीने कललेला. खाली कोपऱ्यात एक पांढरी आकृती हात पसरून उभी होती, परंतु ती कापून टाकता येण्यासारखी होती. (मीच ती.) कारखानदार खुर्चीवरून उठला. हाच, हाच, म्हणाला. खिशातून त्याने पेन काढले. आपल्या भगिनीने स्वयंपाकघराच्या दारातून मला खूण केली की झाले, मिळाले. मी डोळे पुसले, चादरीच्या छिद्रांतून.

आणि आपली भाची म्हणाली, “हा नको. हा मी काढलेला नाही. हा पडलाय.”

कारखानदाराने पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले. त्याने तिला समजावले. भगिनीने समजावले. दंतवैद्यांनीही, त्यांचा संबंध नसताना, समजावले. ती म्हणाली की माझ्या डोक्यात जो आहे तो ह्याहून चांगला आहे, आणि ह्याच्या जिवावर चौसष्ट कामं घेतली तर प्रत्येक वेळी काय पाडू? शेवटी कारखानदार दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची मुदत देऊन गेला. त्यापुढे काम दुसऱ्या स्टुडिओस, हे त्याने एकदाच सांगितले, यावरून तो गंभीर असल्याचे मी ताडले.

तो गेल्यावर मी तिला तीन भागांचे एक व्याख्यान देण्याचे ठरविले होते. पहिला भाग हट्ट, दुसरा व्यवहार, तिसरा एक तारीख. मी आरंभच केला की अगं, कोणाला कळणार होतं? तेव्हा ती जमिनीवर बसून कप्प्याचा पोचा तपासत होती. मान वर न करता ती म्हणाली, “मला कळतं ना.”

आपणांस मी कधी सांगितले नाही, तिला तर नाहीच नाही. छापखान्यात एकदा एका जाड पुस्तकाच्या शेवटच्या सोळा पानांचा फर्मा यंत्रावर चढला असताना मी यंत्र थांबविले होते. चूक क्षुल्लक होती. मालक म्हणाले, कोणाच्या लक्षात येणार आहे? मी नेमके तेच तीन शब्द बोललो होतो, आणि तीन महिने माझ्याबरोबर कोणी चहा घेतला नव्हता. मी व्याख्यान तेथेच थांबविले आणि तिला विचारले की दोऱ्याचे किती लांबीचे तुकडे करून देऊ?

शुक्रवारी सकाळी सहापासून आम्ही कामास लागलो. पंखे बंद, खिडक्या बंद, भगिनीस चालण्याची मनाई. गरम डिंकाचे गोळे मी स्वतः लावले, ओबडधोबडच लावले, आणि त्यांकडे पाहिले नाही. झाकण श्वासानेही फिरत होते, म्हणून त्याचा एक दोरा धरून कपाटामागे बसण्याचे आणि सांगितल्यावाचून श्वास न घेण्याचे काम माझ्याकडे आले. तिने झाकणाचा कल अठरा अंश ठरविला होता. मी विचारले, अंदाजे? तिने कागद दाखविला; त्यावर तिने तो कल रेखाटून, मोजून, तीन वेळा खोडून पुन्हा काढलेला होता. मी दोरा घेऊन कपाटामागे बसलो. साडेदहास एकदा शिंक आली, ती मी परत पाठविली. अकरास छायाचित्र मिळाले. मग ती कॉम्प्युटरवर दोरे पुसू लागली आणि मी शेजारी बसलो. तिने सगळे पुसले असे तिला वाटले तेव्हा राहिलेले सात तुकडे मी तिला दाखविले. एक तर केसाच्या निम्म्या जाडीचा, चमच्याच्या दांड्यामागे होता. तिने माझ्याकडे वळून पाहिले आणि खुर्ची थोडी सरकवून मला जागा करून दिली.

बारा वाजता कारखानदार आला. त्याने कालचे आणि आजचे अशी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून तीन मिनिटे पाहिली आणि मग म्हणाला की मला दोन्ही सारखीच वाटतात, दोन्ही सारखीच वाटतात. तथापि त्याने आजचे घेतले, कारण कालच्यात खाली पांढरे काहीतरी येते आहे. चौसष्ट वस्तूंचा कागद त्याने तेथेच सही करून दिला.

तेव्हा आपण मोठ्या मनाने देऊ केलेली जागा एखाद्या गरजू उमेदवारास द्यावी, ही नम्र विनंती. विलंबाबद्दल क्षमा असावी. वहिनींस नमस्कार सांगावा. खाली भगिनीसाठी दोन ओळींची जागा सोडली आहे.

आपल्या भगिनीचा पती व आपला आज्ञाधारक.

ता. क. आरामखुर्च्या बनविणाऱ्या एका गृहस्थांनी कारखानदाराकडे मुखपृष्ठाचे ते छायाचित्र पाहिले आणि त्यांना आता खुर्चीसकट झोपलेला माणूस हवेत हवा आहे. माणूस भरदार आणि गाढ झोपणारा असावा अशी अट आहे. घरातील सर्वांच्या तोंडी एकच नाव आले. दोरखंड माशाचा नाही, जाड आहे. आपण पुढील गुरुवारी यावे. वजन कळवावे.

दुसरी ता. क. (हा भाग दुमडून मी त्यास टाचणी लावली आहे, भगिनीने अगर भाचीने वाचू नये.) मेहुणे, पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. मागील महिन्यात मीच आपणांस लिहिले होते की मुलीचा हा खेळ चार दिवसांचा आहे, ती यात टिकणार नाही, तरी आपण जणू आपणांसच सुचले अशा रीतीने तिच्यासाठी नोकरी पाहावी आणि त्यात माझे नाव येऊ देऊ नये. आपण शब्द पाळलात. परंतु भाची रविवारी आपणांस फोन करून विचारणार आहे की मामा, नोकरीचे तुम्हांला कसे सुचले? कृपया ते पत्र जाळावे आणि कल्पना आपलीच होती यावर ठाम राहावे. मी उभ्या आयुष्यात कोणास खोटे बोलण्याची विनंती केलेली नाही. तेव्हा ती कशी करतात हे मला नीट माहीत नाही. चुकले असल्यास सुधारून वाचावे.

दादा, टाचणी मी काढली. ह्यांच्या प्रत्येक पत्राची नक्कल फायलीत असते, फाईल बैठकीच्या खोलीत, आणि खोली आता तिची. मागच्या महिन्याचं ते पत्र तिने तुझ्याही आधी वाचलं. दोन दिवस माझ्याशीसुद्धा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि ती फाईल कॅमेऱ्याच्या स्टँडच्या एका पायाखाली घातली, तिथे जमीन उतरती आहे. अख्खी खोली पट्टी लावून मोजली ह्यांनी, तेवढं दिसलं नाही. रविवारी ती फोन करेल. कल्पना तुझीच होती म्हण, ती ‘बरं मामा’ म्हणेल. ह्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. अपराधी वाटतंय तोवर दोरा फार छान धरतात.